बोपय्या साहेबांची डाकिरी

१ जानेवारी २०२५, बुधवार

नवी डायरी. सोसायटीने दिलेली, दरवर्षीसारखीच. पलटणीत असताना सुभेदार मेजरांनी रोज चार ओळी लिहायची सवय लावली, ती काही सुटत नाही. मात्र रिटायर होऊन बेळगावजवळच्या येळ्ळूरला आल्यापासून लिहिण्याजोगं फारसं घडत नाही. गेल्या वर्षीची डायरी चाळली, तर सप्टेंबरात ओळीने बावीस दिवस 'सर्व ठीक' एवढंच लिहिलेलं.

आज सर्व ठीक नाही.

सकाळी अंगणात शेंगा निवडत होतो. फोन वाजला.

"यल्लाप्पा? बोपय्या बोलतो."

मी उभा राहिलो. अंगात बनियन, पायात चप्पल नाही, तरी टाचा आपोआप जुळल्या. बोपय्या साहेब राणीखेतला कॅप्टन होते, पुढे आमचे कर्नल झाले. मूळचे कुर्गचे, मराठी पलटणीत शिकलेले, त्यामुळे त्यांच्या मराठीला कवायतीची चाल आहे.

"दोन फेब्रुवारीला बेळगावात आपल्या पलटणीचे जुने लोक जमणार. मी येतो. डॉक्टरनी सगळं बंद केलं. महिन्यात एक ग्लास, बस. फेब्रुवारीचा तो ग्लास तुझ्या हातचा पाहिजे. डाकिरी. राणीखेतवाला. तीस वर्षांत किती क्लबात मागितला, तसा कुणाला जमला न्हाय."

"व्हय साहेब," म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

जया दारात उभी होती. "कुणाचा फोन?"

"पलटणीचा. जेवान हाय दोन तारखेला."

"जेवणासाठी टाचा जुळवल्या व्हय?" म्हणाली आणि आत गेली.

आता खरी गोची लिहून ठेवतो, म्हणजे डोकं हलकं होईल. चोवीस वर्षं फौजेत मी ऑफिसर मेसच्या बारवर काम केलं. हवालदार म्हणून निवृत्त झालो. पेले पुसणं, बर्फ फोडणं, साहेब लोकांना डाकिरीसारखं रम-लिंबाचं हवं ते बनवून देणं, हे माझं काम. आणि माझी बायको गेली सदतीस वर्षं समजते की मी स्टोअरला होतो.

३ जानेवारी, शुक्रवार

खोटं असं मी बोललोच नव्हतो. सासरे मारुतीराव भयंकर कडक माणूस. खानापूरकडचे. दारू पिणाऱ्या घरातलं पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत. बघायला गेलो तेव्हा त्यांनी मला दोनच प्रश्न विचारले. "पिता काय?" मी म्हणालो, न्हाय. ते शंभर टक्के खरं होतं आणि आजही आहे. थेंब माहीत नाही. "फौजेत काम काय?" मी म्हणालो, मेसच्या स्टोअरला. तेही निम्मं खरंच होतं, कारण बाटल्या स्टोअरमधूनच येतात. त्या निम्म्यावर लग्न झालं. सासरे गेले, पण ते उरलेलं निम्मं तसंच राहिलं. गावात गेल्या साली व्यायामशाळेवाल्यांनी निर्व्यसनी माणूस म्हणून माझा शाल घालून सत्कार केला. आता साठाव्या वर्षी काय सांगायचं?

आज शेकर शोधायला काळी ट्रंक उघडली. मी निवृत्त होताना बोपय्या साहेबांनी दिलेला, पेय हलवायचा स्टीलचा शेकर, जाळीसकट. ट्रंकेत नाही! शेवटी सहज विचारल्यासारखं विचारलं, "माझा फौजेतला एक स्टीलचा डबा हुता, उंच, झाकणाचा..."

"ताकाचा व्हय? फडताळात हाय की. लई बेस ताक होतंय त्यात. बर्फ घालून हलवलं की भाईरनं धुकं धरतंय बघा."

बिचारी. तिला वाटतं ताकाचा डबा आहे. हसू दाबत बाहेर आलो. धूळ मात्र घशात गेली, संध्याकाळपासून खवखवतंय.

६ जानेवारी, सोमवार

मोठा दिवस. आज आयुष्यात पहिल्यांदा माजी सैनिकांच्या कॅन्टीनमधून माझ्या कार्डावर बाटली घेतली. पांढरी रम. माझा कोटा सतरा वर्षं तसाच पडून असतो, हे अख्ख्या येळ्ळूरला पाठ आहे. लग्नकार्य निघालं की लोक माझ्या घरी चहाला येतात आणि कोट्याची चौकशी करून निराश होऊन जातात. आज रांगेत पुढून-मागून माना वळल्या. एकजण म्हणाला, "काय आण्णा, चालू केलं काय शेवटी?" मी म्हणालो, "पाव्हण्यासाठी." तो म्हणाला, "पाव्हण्यासाठीच असतंय आण्णा सगळ्यांचं."

बाटली भाताच्या कणगीत खोल खुपसून ठेवली. कुणाच्या बापाला सापडायची नाही.

७ जानेवारी, मंगळवार

बाटली जागेवर आहे. जयाच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात नीट गुंडाळलेली होती. काल घाईत मीच गुंडाळली असणार. वय झालं, लक्षात राहत नाही.

९ जानेवारी, गुरुवार

पहिली चाचणी. जागा: शेतातली पाण्याच्या मोटारीची खोली. परीक्षक: शामू.

शामूला घ्यावंच लागलं. मी पीत नाही, मग जमलं की नाही हे कळणार कसं? शामू माझा बालमित्र आणि राणीखेतला बोपय्या साहेबांचा ड्रायव्हर. मेस आटोपली की शेकरच्या तळाशी राहिलेलं तो प्यायचा. साहेब सोडले तर ती चव माहीत असलेला जगात हा एकच माणूस.

घरच्या फ्रिजमध्ये बर्फाचे दोन ट्रे काठोकाठ भरलेले होते. जानेवारीच्या थंडीत बर्फ कुणाला लागतो कुणास ठाऊक, पण माझं काम झालं. रम दोन मापं, कागदी लिंबाचा रस एक माप, साखरेचा पाक एक मापाला जरा कमी. शेकर हलवायला घेतला आणि हाताला सगळं आठवलं. बारा-पंधरा सेकंदांनी आतल्या बर्फाचा आवाज बदलतो, आधी खडखड आणि मग खसखस, आणि शेकर बोटांना चिकटायला लागतो. तेव्हा थांबायचं. मी चोवीस वर्षं चवीवर नाही, कानावरच डाकिरी केली.

शामूने घोट घेतला. डोळे मिटले. उघडले.

"चांगलं हाय."

"पर?"

"पर ते न्हाय, यल्ल्या."

११ जानेवारी, शनिवार

पुन्हा केली. लिंबू वाढवलं. "आंबाट." पाक वाढवला. "पोरांचं सरबत." बर्फ बारीक फोडला. "पाणचट." शामूला म्हणालो, तुला आठवत तरी असेल का इतक्या वर्षांनी? तो रागावला. "तुला तुझ्या आयच्या हातची आमटी आठवतीया का न्हाय? मग झालं तर."

पाक मीच करतोय. पूर्वी तो जयाचा असायचा. प्रत्येक सुट्टीच्या शेवटी ती लिंबाच्या पाकाची बाटली बांधून द्यायची, साहेब लोकांच्या सरबताला म्हणून. मला सुट्टी मिळाली नाही तर सुट्टीवरून परतणाऱ्या कुणाही गाववाल्याच्या हाती यायची. बेळगावला नाही जमलं तर लोंढा जंक्शनच्या फलाटावर कुणीतरी गाडी गाठून बाटली पोचवायचं. फौजेत या पाकाने अर्धा हिंदुस्थान पाहिला. पाकासाठी दारूच्या रिकाम्या बाटल्या मीच घरी पाठवायचो, कारण मेसमध्ये चांगली बुचाची बाटली मिळते. आणि हुशारी बघा, लेबल भिजवून काढायचो, आतून धुऊन उन्हात वाळवायचो. कसलाही पुरावा मागे ठेवला नाही.

पण तिच्या हातचा पाक वीस वर्षं दारूत ओतला, याचं मनाला लागतं. दारूवाल्या घरातलं पाणीही न घेणाऱ्या माणसाची ती मुलगी. ती समजत होती सरबत, आणि मी काय केलं? ते पाप पुन्हा करायचं नाही, हे मी ठरवलंय. शेवटी पाकात असतं काय? साखर, लिंबू, पाणी. ते मलाही येतं.

१२ जानेवारी, रविवार

लेक सौम्या बेळगावहून आली. बँकेत आहे ती. एका डब्यात भात, एका डब्यात शेंगाची चटणी भरून न्यायला येते आणि जाताना आईशी तासभर कुजबुजते. आज तिला गुपचूप मागच्या दारी नेऊन म्हणालो, मोबाईलवर जरा डाकिरीचं काय आहे ते बघ. तिने कशासाठी असं विचारलंसुद्धा नाही. हल्लीच्या पोरांना कशाचं नवल राहिलेलं नाही.

तिने वाचून दाखवलं ते बहुतेक साहेबांनी राणीखेतला सांगितलं होतं तेच. तिकडे बाहेर बर्फ पडत असायचा, आत शेगडी, आणि साहेब पेला उजेडाला धरून सांगायचे. क्युबा नावाचं बेट. तिथे समुद्राकाठी डाकिरी नावाचं गाव, शेजारी लोखंडाची खाण. खाणीवर कॉक्स नावाचा एक अमेरिकन इंजिनिअर, सव्वाशे वर्षांपूर्वीचा. एकदा त्याच्याकडे पाहुणे आले आणि घरातली जिन संपली. आता पाहुण्यांपुढे काय ठेवायचं? तिथल्या उसाची रम होती, झाडाला लिंबं होती, साखरेचं तर ते माहेरच. केलं एकत्र आणि दिलं. पाहुण्यांनी नाव विचारलं, तर गावाचंच नाव सांगून टाकलं. पुढे आरमाराच्या एका डॉक्टरने ते अमेरिकेतल्या क्लबात नेलं, हवानाच्या बारवाल्यांनी त्यात बारीक बर्फ घालून निराळी तऱ्हा काढली, आणि गावाचं नाव जगभर झालं. असं सांगतात, म्हणाली सौम्या. खरं-खोटं नक्की कुणालाच माहीत नाही, कारण रम आणि लिंबू तर खलाशी त्याच्या आधीपासून एकत्र घेतच होते. हिरड्या सुजू नयेत म्हणून बोटीवर लिंबाचा रस मिळायचा.

मला ही गोष्ट पहिल्यापासून आवडते. पाहुणे दारात आणि घरातलं संपलेलं, मग आहे त्यात भागवायचं. हे तर जयाने आयुष्यभर केलं. आणि सामान बघा: ऊस, लिंबू, साखर. निपाणीपासून येळ्ळूरपर्यंत यातलं काय नाही? त्या इंजिनिअरला इकडे नोकरी लागली असती, तर आज जगभरचे लोक बारमध्ये जाऊन 'एक निपाणी द्या' म्हणाले असते.

जाताना सौम्या म्हणाली, "आप्पा, आता म्हणे मोठ्या बारमधले लोक त्यात मिठाच्या पाण्याचे थेंबही टाकतात." मी म्हणालो, फॅशन गं, उद्या फोडणी घालतील.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत.

तिळगूळ द्यायला शेजारची अंबूबाई आली. तिचा मुलगा त्या दिवशी कॅन्टीनच्या रांगेत होता हे माझ्या ध्यानातच नव्हतं. मी आतल्या खोलीत होतो, ओसरीवरचं सगळं ऐकू आलं.

"आक्का, राग मानू नगंस. तुमच्या मालकांनी बाटली आणली म्हणं. आन शामूसंगं मोटारीच्या खोलीत बसत्यात. ह्या वयात लागलं म्हंजे सुटत न्हाय गं."

मी दाराआड सरकलो.

जया म्हणाली, "अंबू, माझा मालक हाय, मला म्हायती हाय. तिळगूळ घे आन गोड बोल."

एवढंच. आवाज चढवला नाही, चौकशी केली नाही. इतका विश्वास! माझे डोळे भरून आले. मला स्वतःची लाज वाटली आणि अभिमानही वाटला, दोन्ही एकदम. नंतर बाहेर आलो तर माझ्या हातावर तिळगूळ ठेवून म्हणाली, "घसा अजून बसल्यालाच हाय की तुमचा."

१६ जानेवारी, गुरुवार

सकाळी ओसरीच्या खिडकीत एक बाटली. लिंबाचा पाक! जया म्हणाली, "तुमच्यासाठनं केलाय. जपून ठिवा, काम पडंल."

घशासाठी किती काळजी. गरम पाण्यात दोन चमचे घालून लगेच घेतला. चव अगदी जुनी. सरबताच्या मानाने जरा खारट वाटला, पण घशाला मीठ चांगलंच. बायको असावी तर अशी.

१९ जानेवारी, रविवार

घसा पुष्कळ बरा. पाक दिवसातून तीनदा घेतोय.

चाचणी पाचवी. साखर बदलली, खडीसाखर वापरली. शामूने तोंड वाकडं केलं नाही, पण डोळेही मिटले नाहीत. त्याच्या बायकोने त्याला दम भरलाय, त्यामुळे तो आता दोन घोट घेऊन बाकीचं उसाच्या सरीत ओततो. "त्या उसाला म्हणावं, घरचंच हाय, लाजू नगंस," म्हणतो.

२२ जानेवारी, बुधवार

निपाणीला जाऊन आलो. तिथल्या एका गुऱ्हाळवाल्याने मला आदराने बसवून काकवी दिली, अंगाला लागते म्हणाला. काकवीची डाकिरी केली. शामू म्हणाला, हे बाळंतिणीला दे.

एकदा वाटलं साहेबांना फोन करून सांगावं, हात गेला माझा. नंबर लावला आणि घंटी वाजायच्या आधी बंद केला. त्यांच्या मेमसाहेब गेल्या साली वारल्या. राणीखेतला दोघं मेसच्या व्हरांड्यात बसायची, एका पेल्यातून आळीपाळीने प्यायची, आणि मला बघून बाई म्हणायच्या, "यल्लाप्पा, तुम चीटिंग करता है, इसमें कुछ और है।" मी म्हणायचो, काही नाही मेमसाहेब. खरंच काही नव्हतं. साहेबांना तो ग्लास नुसता प्यायचा नाही, हे मला कळतं. म्हणूनच जमायला हवं.

२५ जानेवारी, शनिवार

सर्व ठीक नाही. चाचणी आठवी. "ते न्हाय."

आज जयाने विचारलं, "पाक हाय न्हवं अजून?" म्हणालो, संपत आलाय, लई गुण आला. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग कपाळावर हात मारून आत गेली. बहुतेक दूध उतू गेलं असावं.

२८ जानेवारी, मंगळवार

आज सविस्तर लिहितो.

जया वडगावला हळदीकुंकवाला गेली होती. शामू ओसरीवर आला, साहेबांना काय तोंड दाखवायचं यावर आम्ही दोघं बोलत बसलो. खिडकीत पाकाची बाटली, तळाशी बोटभर राहिलेला. शामूला आपलं काहीतरी तोंडात टाकायची खोड. बोट घातलं, चाटलं.

आणि थांबला.

"यल्ल्या. रम आण."

"काय झालं?"

"आण म्हंतो न्हवं!"

कणगीतून काढून आणली. बर्फ, रम, लिंबू आणि बाटलीतला उरलेला सगळा पाक. ओसरीवरच, दिवसाढवळ्या, अंबूबाईच्या नजरेसमोर मी शेकर हलवला. शामूने घोट घेतला, डोळे मिटले, आणि उघडेचना. मी घाबरलो. मग बघतो तर गडी रडत होता.

"तीच," म्हणाला. "राणीखेतची. साहेबांची गाडी, भाईर बर्फ, आन शेकरचा तळ. तीच हाय ही."

म्हणजे चव रमची नव्हती, लिंबाची नव्हती आणि माझ्या हाताचीही नव्हती. सगळ्या मेसनी जी वाहवा केली ती त्या बाटलीची होती. आणि ती बाटली मी गरम पाण्यातून पिऊन संपवली!

२९ जानेवारी, बुधवार

रात्रभर ठरवत होतो. पाक मुरायला चार दिवस लागतात, हे मला तिच्याकडूनच ऐकून माहीत आहे. आज बुधवार, भेट रविवारी. आज मागितला नाही तर संपलं. आणि मागायचा तर काय सांगून? पुन्हा सरबत सांगून नाही. ते मी करणार नव्हतो.

सकाळी जया अंगणात सुपात तांदूळ घेऊन बसली होती. मी समोर जाऊन सावधान उभा राहिलो.

"जया, मला कायतरी सांगायचं हाय."

"बसून सांगा."

"उभ्यानंच सांगतो."

आणि सांगितलं. बार, शेकर, चोवीस वर्षं, कणगीतली बाटली, शामू, साहेब, सगळं. तुझ्या बाबांना निम्मं बोललो आणि तुझा पाक दारूत घातला, हेही. ती तांदूळ पाखडतच होती.

"झालं?" म्हणाली.

"झालं."

"मग एवढी भरल्याली बाटली खिडकीत ठिवली, ती घशात कशापायी वतली?"

माझं सावधान सुटलं.

"जपून ठिवा, काम पडंल म्हणाल्ये न्हवं मी? फोन आला त्याच दिशी वळखलं, साहेबांचा असणार. बरफ भरून ठिवला, डबा घासून ठिवला, कणगीत बाटली खुळखुळत हुती म्हणून फडकं गुंडाळलं. आनी काय हातात आणून देऊ?"

"तुला... कधीपासनं म्हायती हाय?"

"पयली रिकामी बाटली आली तवापासनं." सूप खाली ठेवलं. "लेबल काढलं म्हणून वास जातोय व्हय? आन काचंवर अक्षरं उठल्याली असत्यात, फौजी मानसानं बोटानं तरी चाचपायचं. बाबा हितं आल्यालं, त्यांनीच वास घेतला पयला."

"मारुतीरावांनी?"

"व्हय. लई वेळ बाटली नाकाला धरून बसलं. मग म्हणालं, जावई पीत न्हाय, पाजतो. पाजणाऱ्याला शुद्धीत ऱ्हावं लागतंय, पोरी, घाबरू नगंस. आन हसलं. आमचं बाबा हसल्यालं मी तवा बघितलं."

सदतीस वर्षं मी ज्या माणसाला भिऊन होतो, तो माझ्यावर हसून गेला होता. मग मीच खाली बसलो, मातीत.

"मग बोलली का न्हाईस कधी?"

"तुमाला लपवायला लई मजा येत हुती. लेबलं भिजवायची, बाटल्या वाळवायच्या... म्हटलं, तेवढाच विरंगुळा."

"आन पाकात काय घालतीस तू?"

"मीठ. सरबताला एक चिमूट घालत्यात. पर दारू कडू असती म्हणं. कारल्याचा कडूपणा जायाला आपुन काय लावतो? मीठच की. म्हणून तुमच्या बाटलीला दोन चिमटी, जरा सढळ. न पिता अंदाजानंच घातलं. बरं लागत हुतं काय साहेबांस्नी?"

राणीखेतपासून जोधपूरपर्यंत ऑफिसर लोक त्या दोन चिमटींसाठी माझी पाठ थोपटत होते, असं सांगितलं. ती पदरात तोंड लपवून हसली, अगदी लग्नातल्यासारखी.

"उठा आता," म्हणाली. "लिंबं आणा. पातळ सालीची बघून आणा, न्हायतर आणाल इडलिंबू."

३१ जानेवारी, शुक्रवार

पाक मुरतोय. बाटलीवर जयाने चिंधी बांधून गाठ मारलीय, माझ्यावर भरवसा नाही म्हणून. घसा दुखत असल्यास सुंठ घ्यावी, असा हुकूम आहे. सौम्याला फोन केला तर ती म्हणते, "आप्पा, सांगितलं होतं ना मिठाचं!" म्हणजे हिलाही माहीत होतं. या घरात गुपित फक्त माझ्यासाठीच होतं.

शामूने विचारलं, आता शेवटची चाचणी करायची नाही का? म्हणालो, गरज नाही. त्याचं तोंड एवढंसं झालं.

२ फेब्रुवारी, रविवार

बेळगाव कॅम्पातल्या एका हिरवळीवर मांडव. दीडेकशे जुने लोक, गुडघ्यांची आणि शुगरची चर्चा. मी इस्त्रीचा कोट घातला, पदकं लावली. जया तिच्या बाबांनी घेतलेली शहापुरी साडी नेसून शेजारी, पिशवीत बाटली.

बोपय्या साहेब काठी टेकत आले. वाळलेत फार. मिठी मारली आणि म्हणाले, "माझा ग्लास?"

मी टेबलामागे उभा राहिलो. लोक गोळा झाले. रम, लिंबू, जयाचा पाक, बर्फ. हलवायला लागलो. खडखड, खडखड, मग खसखस. शेकर बोटांना चिकटला. गाळून पेला पुढे केला.

साहेबांनी खुर्चीत बसून घोट घेतला. पेला खाली ठेवून शेजारच्या रिकाम्या खुर्चीसमोर सरकवला, क्षणभर तसाच राहू दिला, आणि परत जवळ ओढून दुसरा घोट घेतला.

"मेमसाहेब बोलायची, यल्लाप्पा चीटिंग करतो, यात आणखी काहीतरी आहे. आज तरी सांग."

सगळी पलटण ऐकत होती. माझा सत्कार करणाऱ्या व्यायामशाळेतले दोन माजी जवानही होते. मी म्हणालो, "साहेब, मेमसाहेब खऱ्या बोलायच्या. चीटिंग मी केली. ही चव माझी न्हवंच. ही हिची हाय. माझी मंडळी, जयाबाई. वीस वर्षं हिनं घरातनं बाटली पाठवली, आन शाबासकी मी घेतली."

साहेब काठीशिवाय उठून उभे राहिले. जयाला दोन्ही हातांनी नमस्कार केला. तिने घाईघाईने डोक्यावर पदर घेतला.

"काय घालता तुम्ही त्यात, बाई?"

"काय न्हाय साहेब. कारलं करत्यात तसंच."

साहेबांना समजलं नाही, पण ते इतके हसले की खोकला लागला. ग्लास थेंबभरही न ठेवता संपवला. दुसरा मागितला नाही, फौजी माणूस ते. जयाने उरलेल्या पाकाची बाटली त्यांच्या हातात दिली. "मार्चच्या गलासासाठनं. रिकामी झाली की बाटली तेवढी परत पाठवा. आन धुऊ नगासा. वासावरनं कळतंय मला, प्यालासा का न्हाय."

घरी आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. फडताळात तिने वाटीभर पाक मागे ठेवला होता. म्हणाली, "आता मला करून द्या. तुमच्या साहेबांसारखं. दारू न घालता."

तिने स्वतःचा हा पाक सरबत म्हणून कधी चाखलाच नव्हता, आणि मी स्वतः शेकर हलवून केलेलं कधी चाखलं नव्हतं. मी शेकर घेतला. लिंबू, पाक, पाणी, बर्फ. तितकंच मन लावून, कान लावून हलवलं. दोन पेले भरले आणि ओसरीवर बसलो. पलीकडून अंबूबाई उघड उघड बघत होती. जयाने तिला पेला उंचावून दाखवला.

घोट घेतला. दोघांनीही. जयाने तोंड वेडंवाकडं केलं.

"खारट झालंय की ओ."

"दारूच्या मापानं घातलंस न्हवं?"

"व्हय की," म्हणाली आणि हसत हसत पेला रिकामा केला. "फुडच्या खेपंला आपल्यासाठनं एकच चिमूट घालते."

सर्व ठीक.